इंटरनेटवर अंकुश असावा काय ?

गेल्या पंचवीस वर्षांत इंटरनेट हें साधन आपल्या घरांत इतकें रुळलें आहे कीं, तें नसतांना व्यवहार कसे चालत असत हें आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींस समजावून सांगावें लागतें. टपाल, वर्तमानपत्र, पेढी, बाजार आणि शाळा हीं सर्व एका हातांत मावणाऱ्या यंत्रांत एकवटलीं आहेत. अशा प्रबळ साधनावर सरकारनें अंकुश ठेवावा कीं तें मोकळें सोडावें, हा वाद आतां केवळ वकिलांचा व पुढाऱ्यांचा राहिलेला नाहीं. तो प्रत्येक घराचा झाला आहे. म्हणून दोन्ही पक्षांचें म्हणणें शांतपणें तोलून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम अंकुश हवा असें म्हणणारांचा पक्ष घेऊं. त्यांस पुरावा शोधण्यासाठीं दूर जावें लागत नाहीं. ता. १ जुलै २०१८ रोजीं, रविवारीं, आमच्या शेजारच्या धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांतील राईनपाडा या गांवीं आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पांच पुरुष तेथें आले होते. मुलें पळविणारी टोळी हिंडत आहे, अशी अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून गांवोगांव पसरली होती. जमावानें त्या पांचांस त्या टोळींतले ठरविलें, ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडलें आणि जिवें मारिलें. त्यांनीं कोणाचेंही मूल पळविलें नव्हतें.

त्या सुमारास देशांत फिरलेल्या एका चित्रफितीची हकीकत विशेष बोधप्रद आहे. ती मूळची कराचीची. पालकांनीं मुलांस जपावें, एवढ्याच हेतूनें ती तेथें तयार झाली होती. तींत मोटारसायकलवरील माणसें मूल उचलून नेतात व शेवटीं तें परत आणून सोडतात. कोणीतरी तो शेवट कापून टाकिला, आणि सावधगिरीचा धडा जीवघेणी अफवा होऊन बसला. असें साधन बेलगाम सोडावें काय, असा या पक्षाचा सवाल आहे.

त्यांचा दुसरा मुद्दा मुलांविषयींचा आहे. ऑस्ट्रेलियानें २०२४ सालीं कायदा करून सोळा वर्षांखालील मुलांस समाजमाध्यमांवर खातें ठेवण्याची मनाई केली. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वीं आईबापांची संमति आवश्यक ठरविली आहे. तंबाखू विकणारास गिऱ्हाइकाचें वय पाहावें लागतें. मग अहोरात्र उघड्या असणाऱ्या या बाजारास तें बंधन कां नसावें, असें पालकांनीं विचारलें तर तें रास्तच आहे.

आतां दुसरी बाजू पाहूं. ता. १७ नोव्हेंबर २०१२ रोजीं बाळासाहेब ठाकरे यांचें निधन झालें व दुसरे दिवशीं मुंबई बंद राहिली. त्या बंदविषयीं पालघरच्या एका तरुणीनें फेसबुकवर आपलें मत लिहिलें. तिच्या मैत्रिणीनें त्यास पसंती दर्शविली. एवढ्यावरून दोघींसही अटक झाली, आणि तींत माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ या कलमाचाही आधार घेण्यांत आला. दुसऱ्यास त्रास किंवा गैरसोय होईल असा मजकूर पाठविणें हाही त्या कलमानें गुन्हा ठरे, व शिक्षा तीन वर्षांपर्यंत असे. परंतु कोणासही त्रास होणार नाहीं असें मत जगांत आहे काय ? सर्वोच्च न्यायालयानें ता. २४ मार्च २०१५ रोजीं तें कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलें.

असल्या कायद्यांचा अनुभव आमच्या नाशकास नवा नाहीं. १९०९ सालीं येथील गणेश दामोदर सावरकर यांस कवितांचें पुस्तक प्रसिद्ध केल्यावरून जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षीं डिसेंबरांत येथें कलेक्टर जॅक्सन यांचा खून झाला, आणि १९१० च्या फेब्रुवारींत छापखान्यांकडून अनामत रक्कम मागणारा कायदा झाला. खुन्यास शासन करण्यास जुना कायदा पुरेसा होता. नव्या कायद्याचा जाच मात्र त्या खुनाशीं सुतराम संबंध नसलेल्या संपादकांसही सोसावा लागला. तो कायदा १९२२ सालीं रद्द झाला.

सरसकट बंदीचेंही तसेंच आहे. ऑक्टोबर २०१६ मध्यें नाशिक जिल्ह्यांत दंगल उसळली असतां अफवा थोपविण्यासाठीं मोबाईलवरील इंटरनेट कांहीं काळ बंद ठेवण्यांत आलें. हेतु चांगला असला तरी अशा वेळीं अफवेबरोबर तिचें खंडन करणारी खरी बातमीही अडते, आणि विद्यार्थ्याचा पाठ व दुकानदाराचा व्यवहार खोळंबतो. इंटरनेट बेमुदत बंद ठेवतां येणार नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ता. १० जानेवारी २०२० रोजीं दिला, तो यथायोग्यच होय.

मग आमचें मत काय ? राईनपाडा आणि पालघर हीं दोन उदाहरणें शेजारीं शेजारीं ठेविलीं म्हणजे वाट दिसूं लागते. पालघरांत कायद्यानें मतास पकडलें; राईनपाड्यांत ज्यास अडवावयास हवें होतें तो होता वेग. एकच अफवा दहा ओळखीच्या माणसांकडून एका तासांत आली म्हणजे दहा साक्षीदार मिळाल्यासारखें वाटतें; वस्तुतः साक्षीदार एकही नसतो. त्याच जुलै महिन्यांत व्हॉट्सॲपनें, भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठवितां येऊं नये, अशी व्यवस्था जाहीर केली. २०२० च्या एप्रिलांत वारंवार फिरलेल्या निरोपास एकाच ठिकाणची मर्यादा घातली. कोणाचेंही पत्र न फोडतां धांव मंदावली. असा अंकुश आम्हांस मान्य आहे. हिंसेची चिथावणी, फसवणूक आणि मुलांचा छळ यांस कायद्यानें कठोर शासन करावें. पण गुन्ह्याची व्याख्या स्पष्ट असावी आणि निवाडा न्यायालयाचा असावा. सरकारी कारभाराविषयींचें कोणतें लिखाण खोटें हें सरकारनें नेमलेल्या मंडळानेंच ठरवावें, असा २०२३ सालचा नियम मुंबई उच्च न्यायालयानें २०२४ सालीं रद्द केला. वादी आणि न्यायाधीश एकच असूं नये, हें तत्त्व इंटरनेटपेक्षां फार जुनें आहे.

तथापि उत्तमांत उत्तम कायदाही घटना घडून गेल्यावर येऊन पोहोंचतो. राईनपाड्याची घटना घडली त्याच रात्रीं आमच्याच जिल्ह्यांत मालेगांवीं तीच अफवा पसरली होती. पांच जणांच्या एका कुटुंबावर जमाव धांवून आला. त्यांत दोन वर्षांचें एक मूलही होतें. तेथील कांहीं रहिवाशांनीं त्या परक्यांस घरांत आसरा दिला, पोलिसांनीं त्यांस सोडवून नेलें, आणि पांचही जीव वांचले. निरोप तोच, दिवसही तोच. पण येथें दाराशीं उभ्या राहिलेल्या माणसांनीं ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवण्याचें नाकारलें.

नाशिकरोड येथें १९२८ सालापासून चलनी नोटांचा छापखाना आहे. नोट हातीं आली म्हणजे आपण ती उजेडासमोर धरतों, जलचिन्ह पाहतों, मगच दुसऱ्यास देतों. हातीं आलेल्या निरोपास जलचिन्ह नसतें. तें काम आपल्या विवेकानेंच केलें पाहिजे. हें कोणीं स्वतः पाहिलें ? केव्हां व कोठें घडलें ? आणि खोटें निघालें तर कोणाच्या जिवावर बेतेल ? हे तीन प्रश्न विचारल्यावांचून विद्यार्थ्यांनीं कोणताही निरोप पुढें पाठवूं नये. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलांच्या हातचें यंत्र काढून घेण्यापूर्वीं त्यांनीं स्वतः हे प्रश्न मुलांदेखत विचारावेत. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याचा निषेध दहा आज्ञांत केलेला आहे. पुढें पाठविलेला प्रत्येक निरोप ही आपली साक्षच आहे, मग ती न्यायालयांत कधीं तपासली जावो वा न जावो.