ग्रंथालयाची किल्ली कोणाच्या हाती?

अमेरिकेचे नाव निघाले की पुरोगामी कार्यकर्त्यांत साधारणपणे दोन तट पडतात. एकाला त्या देशात साम्राज्यशाहीखेरीज काही दिसत नाही. दुसरा तेथील समृद्धीच्या दर्शनाने दिपून जातो. दोघांचे एका बाबतीत मात्र एकमत असते : त्या देशाचा इतिहास वाचण्याची गरज कोणालाच भासत नाही. जो वाचावयास जातो तोही बहुधा अध्यक्षांच्या चरित्रांपाशी थांबतो. वास्तविक तेथील कामगारांचा आणि कृष्णवर्णीयांचा इतिहास वाचण्याजोगा आहे, आणि तो ग्रंथालयाच्या कपाटात आपोआप येऊन बसलेला नाही. ग्रंथ वाचताना तो कपाटापर्यंत कसा पोहोचला, हेही वाचले पाहिजे.

पिट्सबर्गनजीकच्या होमस्टेडचे उदाहरण घ्यावे. तेथे अँड्र्यू कार्नेगीच्या पोलाद कारखान्यात १८९२ साली मजुरीच्या कपातीवरून तंटा पेटला. व्यवस्थापनाने टाळेबंदी केली आणि पिंकर्टन कंपनीचे सुमारे ३०० सशस्त्र पहारेकरी नदीमार्गे आणले. ६ जुलैच्या चकमकीत दोन्ही बाजूंची माणसे मेली. पुढे राज्याचे सैन्य आले आणि कामगारांची संघटना मोडून निघाली. सहा वर्षांनी, १८९८ साली, त्याच वस्तीला कार्नेगीने भव्य ग्रंथालय बहाल केले. बारा बारा तास भट्टीपाशी राबणाऱ्याने तेथे जावे केव्हा, हा प्रश्न दात्याला पडला नाही. कार्नेगीच्या पैशातून अमेरिकेत १६०० हून अधिक सार्वजनिक ग्रंथालये उभी राहिली, त्यांतून असंख्य सामान्य माणसे वाचती झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण नाकारलेली मजुरी आणि दिलेले पुस्तक यांची नोंद एकाच खतावणीत आहे, हे विसरता कामा नये.

मात्र दात्याच्या हेतूपाशी ग्रंथालयाचा इतिहास संपत नाही. पोर्टो रिकोत १८७४ साली जन्मलेले आर्तुरो शोमबर्ग हे कृष्णवर्णीय गृहस्थ न्यूयॉर्कच्या एका बँकेत टपाल विभागात काम करीत. कृष्णवर्णीयांना इतिहासच नाही, असे त्यांना शाळेत ऐकावे लागले होते, असे सांगितले जाते. त्यांनी आयुष्यभर जी पुस्तके, हस्तलिखिते आणि चित्रे जमविली, ती त्या विधानाचे उत्तर होती. १९२६ साली हा संग्रह न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १०,००० डॉलरना घेतला व हार्लेममधील शाखेत ठेवला. ही रक्कम कार्नेगी यांच्याच निधीतून आली होती. श्रमिकांच्या घामाची संपत्ती अशा रीतीने एकदा तरी श्रमिकांच्या इतिहासाकडे वळली. पण तिला तसे वळविण्यासाठी एका कारकुनाला आयुष्य वेचावे लागले.

कपाटे उभी राहिली तरी ती उघडण्याचा प्रश्न उरतोच. १९३९ साली जॉन होप फ्रँकलिन हे तरुण कृष्णवर्णीय संशोधक उत्तर कॅरोलायना राज्याच्या दप्तरखान्यात गेले. ही इमारत बांधताना कोणी कृष्णवर्णीय येथे संशोधनास येईल अशी कल्पनाच कोणी केली नव्हती, असे संचालकांनी सांगितले. त्यांच्यासाठी वेगळी खोली सिद्ध करण्यात आली. गोऱ्या सेवकांनी त्यांना कागदपत्रे आणून द्यावीत हे बरे दिसेना, म्हणून दप्तराची किल्लीच त्यांच्या हाती देण्यात आली. थोड्याच दिवसांत गोऱ्या संशोधकांनी तक्रार केली की किल्ली मिळत नाही, हा आमच्यावर अन्याय! किल्ली परत घेतली गेली. वर्णभेदाला स्वतःच्याच तर्काचे ओझे कसे पेलत नाही, याचा याहून बोलका दाखला विरळा. फ्रँकलिन यांनी पुढे १९४७ साली आफ्रिकी अमेरिकनांचा जो इतिहास प्रसिद्ध केला, तो पिढ्यान्‌पिढ्या वाचला जात आहे.

दप्तरांवर एवढा पहारा कशासाठी होता? यादवी युद्धानंतर मुक्त गुलामांना दिलेला मताधिकार ही घोडचूक होती, असा सिद्धान्त कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग यांच्या परंपरेने रूढ केला होता. दक्षिणेत तो अधिकार हिरावून घेणाऱ्यांना हे विद्वत्तेचे अभयच होते. ड्यू बॉइस यांनी १९३५ च्या ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’ या ग्रंथात या सिद्धान्तावर घाव घातला. युद्धकाळात मळे सोडून निघालेल्या लाखो गुलामांच्या कृतीला त्यांनी सार्वत्रिक संप म्हटले. दक्षिणेत सर्वांसाठी सरकारी शाळा उभ्या करण्यात मुक्त गुलामांच्या मतांचा वाटा त्यांनी दाखवून दिला. इतिहासाचा निवाडा बदलला की मताधिकाराचाही बदलतो. म्हणूनच हा ग्रंथ दीर्घकाळ उपेक्षिला गेला.

वाचनाच्या हक्कासाठी तुरुंग पत्करणारेही तेथे निघाले. २७ मार्च १९६१ रोजी मिसिसिपीतील जॅक्सन शहरात टूगलू महाविद्यालयाचे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांपुरत्या राखलेल्या ग्रंथालयात जाऊन शांतपणे वाचीत बसले. पोलिसांनी त्यांना अटक केली. वाचन म्हणजे लढ्यापासून पळ, असे मानणाऱ्या कार्यकर्त्यांनी या नऊ जणांचे स्मरण करावे. हा लढा जुनाही झालेला नाही. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या नोंदीनुसार एकट्या २०२३ साली ४,२४० निरनिराळी पुस्तके हटविण्याची मागणी तेथे झाली. पुस्तकाची भीती वाटणाऱ्यांना त्याचे सामर्थ्य कळलेले असते.

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना. त्यानंतर चारच वर्षांनी तेथील पुनर्रचनेचा पाडाव झाला. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. ते पत्र आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेले आहे. शोषितांच्या चळवळींनी परस्परांचा इतिहास वाचावा, हा धडा या दोन नावांनी कधीच घालून दिला. किल्ली आता कोणी मागून घेण्याची गरज नाही. उठून कपाट उघडण्याची तेवढी आहे.