आधी झाडा, मग पुसा

गेल्या काही वर्षांत घरोघरी एक गंमत घडू लागली आहे. ज्या डिजिटल कॅमेऱ्यांना मोबाइलने कपाटाच्या तळाशी ढकलले होते, तेच कॅमेरे आता नातवंडे शोधून बाहेर काढीत आहेत. मोबाइलचे छायाचित्र फार गुळगुळीत येते, जुन्या कॅमेऱ्याच्या चित्राला निराळी कळा असते, असे त्यांचे म्हणणे. बॅटरी चार्ज होते, कार्डावरून पंधरा वर्षांपूर्वीचे एखादे पारणे, एखादा वरघोडा, कुणाच्या तरी दीक्षेचा मंडप उलगडू लागतो आणि घरातली सारी मंडळी भोवती गोळा होतात. पाहायचे मात्र तळहाताएवढ्याही नसलेल्या मागच्या स्क्रीनवर, आणि ती बहुधा चऱ्यांनी इतकी भरलेली असते की आजोबांचा चेहरा धुक्याआडून पाहिल्यासारखा वाटतो.

स्क्रीनवरचा चरा छायाचित्रात उतरत नाही, एवढे प्रथम स्पष्ट करतो, कारण अनेक वडीलधारी मंडळी या भीतीने चांगला कॅमेरा बाद ठरवतात. चित्र पुढच्या भिंगातून आतल्या सेन्सरवर उमटते. मागची स्क्रीन ते केवळ दाखवते. तरीही नुकसान होते, आणि ते किरकोळ नाही. 1995 साली कॅसिओ कंपनीने क्यूव्ही-10 हा मागे स्क्रीन असलेला कॅमेरा सामान्य ग्राहकांसाठी आणला, तेव्हा ती स्क्रीन अवघी 1.8 इंचांची होती. पुढे स्क्रीन मोठी होत गेली आणि बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांतून डोळा लावून पाहायची खिडकीच नाहीशी झाली. अशा कॅमेऱ्यात स्क्रीन हाच छायाचित्रकाराचा डोळा. उन्हात प्रत्येक चरा चमकतो; चेहरा स्पष्ट आला की हलला, तपस्वींचे डोळे उघडे होते की मिटले, हे कळत नाही. आणि मासक्षमणाचे पारणे काही पुन्हा करून दाखवता येत नाही. जुन्या मॉडेलची स्क्रीन बदलायची म्हटले तर सुटे भाग मिळणे दुरापास्त, आणि मिळाले तरी मजुरी अनेकदा कॅमेऱ्याच्या किमतीला भिडते.

आता चरा पडतो कशाने? किल्ल्यांनी, नाण्यांनी, असे उत्तर मिळते. ते अर्धेच खरे आहे. आपल्या समाजात हिऱ्या-माणकांच्या व्यवसायातील बंधू पुष्कळ आहेत. त्यांना मोहस यांची कठिणतेची श्रेणी सांगायला नको. हिरा 10, कुरुंद म्हणजे माणिक-नीलमाचे कुळ 9, गारगोटी 7, साधी काच साडेपाचच्या आसपास. पितळेची किल्ली यात 3 च्या जवळपास येते. ती स्वच्छ असेल तर काचेचे फारसे काही बिघडवत नाही. काचेला चिरते ती वाळू, कारण वाळूत गारगोटीचे कण असतात. पुष्कळ छोट्या कॅमेऱ्यांच्या स्क्रीनवर मात्र काच नसून पारदर्शक प्लॅस्टिक असते, आणि त्याला किल्लीच काय, शर्टाचे बटणही पुरते.

वसई-विरारकरांना म्हणूनच अधिक सावध राहायला हवे. आगाशीला श्री मुनिसुव्रत स्वामींचे दर्शन घेऊन पुढे अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जाणारी कुटुंबे कॅमेरा बरोबर नेतातच. राजोडी, कळंब, भुईगाव, सुरुची, सगळीकडे वारा वाळूचे बारीक कण उडवत असतो. वसईच्या किल्ल्यात लग्नाआधीची छायाचित्रे काढायला येणाऱ्या जोडप्यांच्या सामानावर दगडाची आणि जुन्या चुन्याची भुकटी बसते. खाऱ्या हवेच्या ओलाव्याने हे कण चिकटूनही राहतात.

नुसते चिकटून राहिले तरी बिघडत नाही. बिघडते ते पुढच्या क्षणी, जेव्हा आपण मोठ्या मायेने साडीचा पदर, ओढणी किंवा खिशातला रुमाल घेऊन ती स्क्रीन घासतो. कण स्क्रीनवर बसला होता, आपण त्याला दाबून फिरवला. स्क्रीन नीट पाहिली तर बहुतेक चरे गोलाकार, पुसण्याच्याच दिशेचे दिसतात. ते अपघाताने पडलेले नसतात. स्वच्छतेच्या हौसेने पडलेले असतात.

योग्य क्रम कोणता, हे आपल्याला शिकायला फार दूर जायला नको. जिनालयात प्रक्षालापूर्वी काय करतात ते आठवावे. आधी मोरपीछीने निर्माल्य आणि सूक्ष्म जीव हलकेच दूर केले जातात. मग पाणी, मग ओले मऊ वस्त्र. वाळाकुंची केवळ जिथे केशर-चंदन अडकून राहिले असेल तिथे, तीही अगदी हलक्या हाताने. अंगलुछणी सर्वांत शेवटी. ही जयणा जीवांच्या रक्षणासाठी आहे, पण तिच्यात प्रतिमेच्या पृष्ठभागाचीही काळजी आहे. कॅमेऱ्याचेही तसेच: आधी रबरी फुंकणीने हवा मारून कण उडवावेत, स्क्रीन खाली झुकवलेली असावी, उरलेले मऊ कुंच्याने झाडावेत, मग चष्म्याबरोबर मिळते तसल्या मायक्रोफायबरच्या धुतलेल्या कापडाने हलकेच टिपावे. (मंदिरातील मोरपीछी वा अंगलुछणे या कामाला आणू नये, हे सुज्ञांस सांगणे न लगे.) पूर्वी भिंगे पुसायला मऊ कातडे आणि जनावराच्या केसांचे कुंचले वापरत, आपल्या घरांत ते नको वाटे. आता कृत्रिम तंतूंचे कुंचले आणि कापड सहज मिळत असल्याने ती अडचणही उरलेली नाही. काच पुसण्याचे अमोनियायुक्त द्रव वापरू नयेत, स्क्रीनवरचा लेप जातो. चरा घालवायला टूथपेस्ट घासण्याचा जो उपाय मोठ्या खात्रीने सांगितला जातो, तो तर मुळीच करू नये. टूथपेस्ट स्वतःच खरवडणारी असते. एक चरा पुसट होईल आणि भोवती शंभर उमटतील.

संरक्षणाचा खरा उपाय म्हणजे वर दुसरा थर देणे. निकॉनने आपल्या डी90 या 2008 सालच्या कॅमेऱ्याबरोबर खोक्यातच पारदर्शक झाकण दिले होते. लायकाने 2011 च्या एम9-पी या मॉडेलवर चक्क नीलमाची काच बसवली. ती श्रीमंती सर्वांना परवडणारी नाही. आपल्यासाठी पातळ प्लॅस्टिकची फिल्म किंवा कडक केलेल्या काचेचा संरक्षक थर, काही शे रुपयांत मिळणारा. वाळू लागली तर चरा त्याच्यावर पडेल, आणि आपण तो काढून नवा लावू. मुद्दल सुरक्षित राहावे म्हणून भरलेला हा विम्याचा हप्ता समजावा. जुन्या स्क्रीनवर बारीक चरे असतील तर फिल्मच्या चिकट थराने ते काहीसे भरून निघतात आणि डोळ्यांना कमी जाणवतात, हा वरचा लाभ.

या काचेच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘9एच’ छापलेले असते. विक्रेता सांगतो, नीलमाइतकी कठीण. ते तसे नाही. हा आकडा शिसपेन्सिलीच्या चाचणीचा आहे, मोहसच्या श्रेणीचा नव्हे. वाळू या काचेलाही चिरतेच. आयुष्यभर बँकेत बसून मी एवढे नक्की शिकलो आहे की आकडा वाचण्याआधी त्याचे माप विचारावे. फ्लॅट 9 टक्के आणि घटत्या शिल्लकेवर 9 टक्के यांत कर्जदाराचे किती पैसे जातात, ते ज्याने फेडले त्याला विचारा.

थर घेताना इंचांवर न जाता मॉडेलचे नाव सांगून घ्यावा. मोबाइलची फिल्म कापूनही चालते, फक्त डोळा लावायच्या खिडकीशेजारचा सेन्सर झाकला जाऊ नये, नाहीतर स्क्रीन आपोआप बंद होत राहते. स्क्रीन उघडून वळवता येण्याजोगी असेल तर जाड काच लावण्याआधी ती नीट मिटते का ते पाहावे. खरे तर अशा कॅमेऱ्याला सर्वांत उत्तम संरक्षण फुकट मिळालेले असते: काम नसताना स्क्रीन उलटी करून आत मिटावी. इतरांनी गळ्यात लटकवलेला कॅमेरा पोटावर घासू देऊ नये. शर्टाची बटणे, पट्ट्याचे बक्कल, बायकांचे मंगळसूत्र, ही सारी थेट स्क्रीनवर फिरतात. पट्टा आडवा घालून कॅमेरा कुशीला घ्यावा. विरार लोकलमध्ये तर तो पाऊचमध्येच बरा.

पाऊचमध्ये ठेवला म्हणजे झाले, असेही नाही. अर्नाळ्याहून परतल्यावर कॅमेऱ्याच्या आधी पाऊच उलटा करून गॅलरीत झटकावा. तळाच्या शिवणीतून चिमूटभर तरी वाळू पडतेच.