आणखी एक पान

आमच्या वसतिगृहात सध्या दोन पक्ष पडले आहेत, आणि भांडण राजकारणावरून नाही. ते ‘डोमिनियन’ नावाच्या पत्त्यांच्या खेळावरून आहे. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, हाती पैसा आला की सरळ चांदी-सोने घ्यावे. जास्तीची पाने ओढून देणारी पाने म्हणजे निव्वळ चैन. स्नेहसंमेलनातील स्पर्धेतून ही पाने वगळावीत, असाही त्यांचा ठराव आहे. मी दुसऱ्या पक्षाचा. माझी बाजू येथे मांडतो. त्यांनी पुढच्या वर्षीच्या अंकात खुशाल उत्तर द्यावे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी (आणि असल्या पोरखेळात वेळ दवडतो म्हणून रागावणाऱ्या प्राध्यापकांसाठीही) थोडे सांगणे भाग आहे. डोनाल्ड एक्स. व्हॅकॅरिनो यांचा हा खेळ २००८ साली निघाला आणि २००९ मध्ये त्याला जर्मनीतील ‘स्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. आपल्या मेंढीकोटात सर्वांचा मिळून कॅट एकच. येथे प्रत्येकाचा कॅट वेगळा, आणि तो खेळता खेळता ज्याचा त्याने घडवायचा. सुरुवातीस दहा पाने: सात तांब्याची नाणी आणि तीन ‘इस्टेटी’, ज्या डाव संपेपर्यंत नुसती जागा अडवतात. दर पाळीला पाच पाने घ्यायची, एक कामाचे पान खेळायचे, नाण्यांवर एक खरेदी करायची, मग सारे टाकून नवी पाच. कॅट संपला की टाकलेली पाने पिसून पुन्हा घ्यायची. आठ नाण्यांचे ‘प्रॉव्हिन्स’ सहा गुणांचे, आणि जिंकणे-हरणे बहुधा त्यावरच ठरते.

आता हिशेब पाहा. पाच पानांत आठ नाणी हवीत, म्हणजे पानामागे सरासरी १.६. सुरुवातीच्या कॅटची सरासरी अवघी ०.७. चार नाण्यांची ‘स्मिदी’, म्हणजे लोहारशाळा, खेळली की तीन पाने ओढता येतात. हातातली उरलेली चार आणि ही तीन मिळून सात झाली, आणि सात पानांत आठ नाण्यांना सरासरी १.१४ पुरते. चांदीचे पान नेहमी दोनच नाणी देते. लोहारशाळेची तीन पाने पहिल्या दिवशी जेमतेम तेवढीच देतात, पण कॅट सुधारत गेला की तीन, चार, पाच देऊ लागतात. चांदी मात्र दोनवरच.

विरुद्ध पक्षाला हे पटत नाही याला रमी कारणीभूत असावी, असा माझा संशय आहे. रमीत पान उचलले की एक टाकावे लागते, हात तेराचा तेराच. त्यामुळे नुसते पान ओढण्याला आपण काही किंमत देत नाही. येथे ओढलेले पान हातात राहते.

अर्थात दोन लोहारशाळा एकदम आल्या तर दुसरी फुकट, कारण काम एकच करता येते. त्यावर उपाय तीन नाण्यांचे ‘व्हिलेज’: एक पान आणि दोन जादा कामे. गाव आणि लोहार मिळून चार पाने ओढतात. त्यांची स्वतःची दोन वजा जाता नफा दोन पानांचा, वर एक काम शिल्लक. पाच नाण्यांच्या दोन ‘लॅबोरेटरी’ नेमके हेच करतात. एकीकडे सात नाणी, दुसरीकडे दहा. मग दहा कोण देईल? मी देतो! गाव येते तेव्हा लोहार नसतो आणि लोहार जोडीने येतात तेव्हा गाव कॅटच्या तळाशी असते, हा रोजचा अनुभव. लॅबोरेटरी कोणासाठी अडून बसत नाही. शिवाय खरेद्या दोन्हीकडे दोनच, आणि या खेळात नाण्यांपेक्षा खरेद्यांचीच टंचाई जास्त.

मात्र तांबे आणि इस्टेटींनी भरलेल्या कॅटातून कितीही ओढा, तांबेच येणार. म्हणून मी आधी दोन नाण्यांचे ‘चॅपेल’ घेतो. ते एका वेळी चार नको असलेली पाने कायमची काढून टाकते. ओढण्याची किंमत त्यानंतर वाढते.

विरुद्ध पक्षाचा एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो हिशेबाचा नाही. गाव, लोहार, पुन्हा गाव अशी साखळी लागली की एकटा माणूस दहा मिनिटे खेळत राहतो आणि बाकीचे आढ्याकडे बघत बसतात. ‘कमवा व शिका’चे काम आटोपून येणारा आमचा एक मित्र तासाभराचा मोकळा वेळ घेऊन येत असे. त्यातला अर्धा वेळ तो इतरांची पाने मोजण्यात घालवी. आता तो येत नाही.

पण म्हणून सगळीच ओढणारी पाने वगळणे मला मान्य नाही. डावासाठी दहा प्रकार आपणच निवडतो. स्पर्धेत ‘व्हिलेज’ ठेवू नये. मग लोहारशाळा पाळीला एकदाच चालेल. लॅबोरेटरीची साखळी होईल, पण तीत विचार करण्यासारखे काही नसते, ती झटपट उरकते. आणि ‘काउन्सिल रूम’ जरूर असावी. ती खेळणाऱ्याला चार पाने देते, एक जादा खरेदी देते, आणि बसलेल्या प्रत्येकालाही एकेक पान ओढू देते. संमेलन समितीपुढे मी हे लेखी दिले आहे. त्या मित्राचे नाव स्पर्धेच्या यादीत मी घातले आहे. त्याला अजून सांगितलेले नाही.