मेसचं ताट आणि वजनाचा काटा

मागच्या सेमिस्टरला वर्कशॉपमध्ये लेथसमोर उभा असताना माझ्या रूम पार्टनरला चक्कर आली. शेजारच्याने वेळीच धरलं म्हणून निभावलं. मशीन सुरू होतं. नुसत्या आठवणीनेही अंगावर काटा येतो. कारण विचारलं तर साहेबांचं 'डाएट' चालू! सकाळी नुसता चहा, दुपारचं जेवण बंद, रात्री दोन पोळ्या. आणि बारा वाजता भूक अनावर झाली की टपरीवरचे दोन वडापाव!

मित्रांनो, असे डाएटवाले प्रत्येक विंगमध्ये दोन-चार तरी सापडतील. माझं स्पष्ट मत आहे, की वजन उतरवायचं तर जेवण टाळू नका, ताटातलं प्रमाण बदला.

गणित तसं सोपं आहे. खर्चापेक्षा कमी ऊर्जा पोटात गेली तरच चरबी उतरते. थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम कुणाला चुकलाय? पण ही तूट बेताची हवी. रोज साधारण 500 कॅलरी कमी घेतल्या तरी आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास फरक पडतो. उपाशी राहिलं की काटा झटकन खाली येतो खरा, पण त्यात बरंचसं पाणी असतं आणि सोबत स्नायूही झिजतात.

म्हणून प्रथिनं महत्त्वाची. कर्बोदकं असोत की प्रथिनं, 1 ग्रॅमला 4 कॅलरी. तेला-तुपाच्या 1 ग्रॅमला 9. पण प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं वाटतं आणि स्नायू टिकतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे 70 किलोच्या माणसाला 58 ग्रॅम. वजन उतरवताना थोडी जास्तच बरी. याच संस्थेने 2024 मध्ये सांगितलं, की धान्यातून येणाऱ्या कॅलरी एकूण कॅलरींच्या 45 टक्क्यांवर जाऊ नयेत.

आता आपलं ताट बघा. चार पोळ्या, भाताचा डोंगर, बटाट्याची तेलकट भाजी आणि जिच्यात डाळ शोधावी लागते अशी आमटी! 45 टक्के तर पोळी-भातातच कधीच ओलांडले जातात.

मग करायचं काय? एक पोळी आणि अर्धा भात कमी करा, उसळ आणि दही वाढवून घ्या. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं असतात, 50 ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांत जवळजवळ 25. शेंगदाणे चांगले, पण मूठभरच. भाजीवरचा तवंग बाजूला काढा. तेलाचा एक छोटा चमचा म्हणजे 45 कॅलरी!

पण उसळ आठवड्यातून एकदाच मिळणार असेल तर विद्यार्थ्याने वाढवून घ्यायचं काय? मेस कमिटी आणि रेक्टर सरांना विनंती आहे, की रोज एक वेळ मटकी, चणे किंवा घट्ट वरण असू द्या. बिल वाढेल ही भीती खरी आहे. पण भाजीतलं तेल आणि रविवारच्या फीस्टमधलं एखादं गोड कमी केलं तर बरंचसं भागेल, असं मला वाटतं.

माझा रूम पार्टनर हल्ली दुपारी नीट जेवतो. तीन महिन्यांत चार किलो उतरलाय आणि लेथसमोर ताठ उभा असतो. बघा, पटतंय का!