सैल कडे आणि पाण्याखालची मिनिटे

जुन्या पाणबुडी घड्याळांना सध्या पुन्हा मागणी आहे. त्यांतले सर्वांत परिचित म्हणजे सेइकोचे ६३०९-७०४०. हे मॉडेल १९७६ मध्ये आले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिले. जाडजूड पोलादी केस, चारच्या आकड्याजवळ स्क्रूने घट्ट बसणारी चावी, १५० मीटरपर्यंतची जलरोधकता आणि काचेभोवती फिरणारे कडे अशी त्याची रचना आहे. या कड्याला घड्याळाच्या धंद्यात बेझल म्हणतात. चाळीस-पन्नास वर्षे वापरलेल्या घड्याळात बहुधा हेच कडे आधी कुरकुरते. ते खुळखुळते, बोट लागले तरी सरकते, कधी निखळून हातात येते.

कडे सैल झाले तरी काटे चालूच राहतात, त्यामुळे हा दोष किरकोळ वाटतो. तो तसा का नाही, हे कड्याचे काम पाहिले की कळते. पाण्यात उतरताना पाणबुडा कड्यावरची शून्याची खूण मिनिटकाट्यासमोर आणतो. त्यानंतर काटा कड्यावर जिथे दिसेल तितकी मिनिटे झाली असे समजायचे. खोल, गढूळ पाण्यात, थंडीने बोटे आखडलेली असताना डोक्यात वजाबाकी करत बसावे लागू नये, एवढ्यासाठीच ही सोय आहे.

तिची गरज किती होती, हे १९५३ च्या ब्लाँपां फिफ्टी फॅदम्सच्या जन्मकथेतून दिसते. कंपनीचे प्रमुख ज्याँ-जाक फिश्तेर स्वतः पाण्यात उतरत. दक्षिण फ्रान्सच्या समुद्रात एकदा वेळेचे भान सुटले आणि त्यांची हवा संपली. त्यातून ते वाचले आणि पाण्याखाली काय मोजले पाहिजे याचा विचार करू लागले. त्याच सुमारास फ्रेंच नौदलाच्या लढाऊ पाणबुड्यांच्या तुकडीचे रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो आपल्या जवानांसाठी घड्याळ शोधत होते. दोन्ही गरजा एकत्र आल्या. घड्याळाला नाव मिळाले ते पन्नास वाव, म्हणजे सुमारे ९१ मीटर खोलीवरून. त्याचे कडे आपसूक फिरू नये म्हणून खाली दाबल्याशिवाय ते हलणार नाही, अशी व्यवस्था केली होती.

आपसूक फिरण्यात नेमका धोका काय, ते आकड्यांत पाहू. समजा, पाणबुडा दहा वाजून दहा मिनिटांनी उतरला आणि शून्य दहाव्या मिनिटावर ठेवले. वीस मिनिटांनी काटा तिसाव्या मिनिटावर येतो. मधल्या वेळात कडे काट्यांच्या दिशेने पाच मिनिटे सरकले असेल, तर घड्याळ पंधराच मिनिटे झाल्याचे सांगेल. उलट दिशेने सरकले असेल, तर पंचवीस दाखवेल. दुसरी चूक पाणबुड्याला लवकर वर आणते, पहिली त्याला खाली अडकवते. अमेरिकी नौदलाच्या जुन्या तक्त्यांत १०० फूट खोलीवर, वर येताना थांबे न घेता काढता येणारा वेळ २५ मिनिटे होता. तिथे पाच मिनिटांची गफलत म्हणजे मर्यादेचा पाचवा हिस्सा. ती ओलांडली की रक्तात आणि ऊतींत विरघळलेला नायट्रोजन वर येताना बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागतो. सांधे, मज्जारज्जू, मेंदू यांना त्यापासून इजा होऊ शकते.

नंतरच्या घड्याळांत कडे काट्यांच्या उलट दिशेनेच फिरेल अशी रचना आली, ती यासाठीच. चूक व्हायचीच असेल, तर ती पाणबुड्याच्या भल्याच्या बाजूने व्हावी. ६३०९ चे कडे मात्र दोन्ही दिशांना फिरते. ते जागेवर राहते ते केवळ आतल्या दोन लहान वस्तूंमुळे. म्हणून त्याचा सैलपणा अधिक गांभीर्याने घ्यायला हवा.

यांतली पहिली वस्तू म्हणजे रबरी रिंग. कडे केसवर दाबून बसवलेले असते. ना स्क्रू, ना आटे. धातूच्या दोन कडांमध्ये ही रिंग चेपलेली राहते. तिच्यामुळे कडे वर उचलले जात नाही आणि फिरवताना हाताला हवा तसा अवरोध लागतो. दुसरी वस्तू म्हणजे केसमधल्या बारीक भोकात बसवलेली पोलादी गोळी आणि तिच्याखालची स्प्रिंग. स्प्रिंग गोळीला वर रेटते, गोळी कड्याच्या खालच्या दात्यांमध्ये अडकते आणि प्रत्येक मिनिटाला टक असा आवाज येतो.

सैलपणाची कारणे बहुतेक वेळा इथेच सापडतात. प्रेशर कुकरच्या झाकणाची रिंग जशी वर्षा-दोन वर्षांत कडक होऊन आकसते, तसेच या रबराचेही होते. फरक इतकाच की ती बदलायचे कोणाला सुचत नाही. स्प्रिंग गंजते किंवा दबून जाते. गोळीभोवती मीठ, वाळू आणि कातडीचा मळ साचून ती भोकातच रुतते. कोकण किनाऱ्यावरच्या किंवा मुंबईतल्या खाऱ्या, दमट हवेत हे पाण्यात न उतरताही घडते, घाम पुरतो. कधी मागच्या एखाद्या दुरुस्तीत गोळी उडून हरवलेली असते आणि तिच्याशिवायच कडे बसवलेले असते. धातूची कडच झिजली आहे, असे तुलनेने कमी वेळा आढळते. ही झीजसुद्धा बहुधा कोणीतरी पेचकसाने कडे उचकटल्यामुळे झालेली असते.

सगळ्या जुन्या घड्याळांची रचना अशी नसते. रोलेक्स सबमरीनर ५५१३ मध्ये गोळी नाही. तिथे कड्याखाली लाटेसारखी वाकवलेली पातळ चकती दाब देते आणि ती सपाट झाली की कडे ढिले पडते. त्यामुळे घड्याळ हातात घेताच रबर बदलू म्हणणाऱ्यापेक्षा आधी मॉडेल क्रमांक विचारणारा घड्याळजी अधिक भरवशाचा.

६३०९ ची दुरुस्ती अवघड नाही, पण तिला सबुरी लागते. चावी घट्ट बंद करायची आणि केसच्या कडांवर चिकटपट्टी लावायची. मग पातळ, बोथट पाते कडे आणि केस यांच्या फटीत घालून थोडे उचलायचे, पुढे सरकायचे, पुन्हा थोडे उचलायचे, असे चारही बाजूंनी करत जायचे. एकाच जागी जोर दिला की कडे वाकते. एकदा वाकलेले कडे नव्या रबरावरही नीट फिरत नाही. हे काम पारदर्शक पिशवीत हात घालून करावे, कारण गोळी सुटली तर ती खोलीभर शोधूनही सापडत नाही.

सुटे झालेले कडे कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशने धुवावे आणि केसची खाच लाकडी काडीने साफ करावी. कड्यावरच्या आकड्यांच्या रंगीत चकतीला ॲसिटोनसारखे द्रावण लावू नये. रंग निघाला की तो परत येत नाही. गोळी रुतली असेल तर मोकळी करावी, स्प्रिंग थकली असेल तर बदलावी. नव्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. घरातले मशीनचे तेल टाळावे, ते धूळ धरून ठेवते. शेवटी कडे सरळ वरून, सर्व बाजूंनी सारखा दाब देऊन बसवावे. दाब धातूच्या कडेवर पडला पाहिजे, काचेवर नव्हे.

या साध्या मार्गाऐवजी जे केले जाते, ते पाहून वाईट वाटते. कड्याखाली गोंदाचे थेंब सोडतात, दोरा किंवा चिकटपट्टी कोंबतात, पकडीने कड चेपतात. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ काचेवर आणि धातूवर पांढुरका थर धरते, आणि कडे एकदाचे घट्ट होते, पण फिरेनासे होते. गोंद निदान खरवडून काढता येतो. चेपलेली कड मात्र पूर्ववत होत नाही.

१९५० च्या दशकातल्या घड्याळांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. त्यांच्या काट्यांवर आणि कड्यावर चमकणाऱ्या खुणांत रेडियम असू शकते. त्याचा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षे आहे. चमक विझली तरी किरणोत्सर्ग थांबत नाही. अशी खूण खरवडणे किंवा तिची धूळ श्वासात जाऊ देणे धोक्याचे असते. ते काम घरी करू नये.

इतके पाहिल्यावर आमचे मत असे आहे. सैल कडे हा बहुतेक वेळा स्वस्त, झिजणाऱ्या भागाचा दोष असतो. म्हणून आधी तो भाग बदलावा, मूळ धातूला हात लावू नये. जे केले ते पुढच्या कारागिराला उलटवता आले पाहिजे. झिजलेल्या कड्याच्या जागी नवे बाजारी कडे बसवायला हरकत नाही, पण जुने फेकू नये. या घड्याळांची किंमत मूळ भागांवर ठरते. डायल पुन्हा रंगवून, मिळतील ते भाग जोडून विकलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. या शहरातल्या घड्याळजींच्या हातात मोठे कसब आहे. त्यांच्या शहराचे नाव अशा मालाला चिकटावे, हे आम्हाला खटकते. काय मूळचे आणि काय बदललेले, हे ग्राहकाला सांगितले असते, तर ही वेळ आली नसती.

आणि कडे घट्ट झाले म्हणजे घड्याळ पाण्यात न्यायला योग्य झाले, असे मुळीच नाही. कड्याखालची रिंग पाणी अडवत नाही. ते काम काचेखालच्या, चावीच्या आणि मागच्या झाकणाच्या रबरांचे आहे, आणि तीही तितकीच जुनी असतात. तारकर्लीला डुबकी मारायची असेल, तर ती सगळी बदलून यंत्रावर दाबाची चाचणी करून घ्यावी आणि पाण्याखालच्या वेळेसाठी मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर बांधावा. दुरुस्तीनंतर जुनी रिंग, स्प्रिंग, कडे जे निघाले असेल ते लहान पाकिटात घालून घड्याळासोबत मागून घ्यावे, आणि काय बदलले ते घड्याळजीकडून बिलावर लिहून घ्यावे.