मांडवातलं गाणं लिहिलं कुणी?

भाद्रपद लागला की मुंबई-गोवा महामार्गावर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागते आणि महाड शहरापासून पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांपर्यंत मांडवामांडवांत कर्णे बोलू लागतात. त्यांतून दिवसभरात हमखास वाजणारं एक गाणं म्हणजे ‘तूच सुखकर्ता, तूच दुःखहर्ता’. आवाज प्रल्हाद शिंदे यांचा, हे शाळकरी पोरही सांगेल. लिहिलं कुणी, असं विचारलं तर मात्र मंडळाचा अध्यक्षसुद्धा बहुधा डोकं खाजवेल. ते गीत हरेंद्र जाधव यांचं आणि संगीत मधुकर पाठक यांचं. जाधव पेशाने शिक्षक. भीमगीतांच्या, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांवरच्या आणि त्यांच्या चळवळीवरच्या गाण्यांच्या, दुनियेत त्यांचं नाव कवी वामनदादा कर्डकांच्या पिढीबरोबर घेतलं जातं; ‘पहा पहा मंजुळा’ हे घरोघरी गायलं गेलेलं भीमगीतही त्यांचंच. त्यांचं निधन 2021 मध्ये झालं. गाजलेल्या गाण्यामागची गोष्ट म्हणून आपण जी सांगतो, ती बहुतेक वेळा गायकाची गोष्ट असते. गाण्याची गोष्ट त्यात नसतेच. आणि महाडसारख्या गावात ही चूक निव्वळ विसराळूपणाची राहत नाही.

गायकाच्या गोष्टीचा साचा ठरलेला आहे. गरिबी, दारोदार फिरणं, मग कुणाच्या तरी कानावर आवाज पडणं, एक रेकॉर्ड आणि नशिबाचं दार उघडणं. प्रल्हाद शिंदे यांच्या आयुष्यात हे सगळं खरोखरच होतं. मंगळवेढ्याकडचं कुटुंब, आईवडिलांबरोबर भजन-कीर्तनात गाणं, मुंबईत इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत कोरस धरणं आणि पुढे ध्वनिमुद्रिका. खर्जातून सरळ वर चढणारा, माईकची पर्वा न करणारा त्यांचा आवाज घडला तो मैदानातल्या आणि रस्त्यावरच्या गाण्यात. त्याची थोरवी मोजायला मोठी पट्टीच हवी. पण ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ म्हटलं की वारकऱ्यांच्याही डोळ्यांसमोर शिंदेच येतात, ते लिहिणारे दत्ता पाटील येत नाहीत. एका गळ्याभोवती आरती ओवाळताना शब्द लिहिणारा, चाल बांधणारा, ढोलकी वाजवणारा असे सगळेच अंधारात जातात.

अमेरिकेतल्या ‘सोल’ गायकीचं उदाहरण इथे डोळे उघडणारं आहे. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली भक्तिगीतांची आर्त ढब घेऊन ती प्रेमाच्या, विरहाच्या, हक्काच्या गाण्यांत ओतणारी ही गायकी 1950 आणि 60 च्या दशकांत बहरली. पर्सी स्लेज हा त्यातला एक गायक. अलाबामा राज्यातल्या शेफील्ड गावच्या रुग्णालयात तो वॉर्डबॉयसारखी कामं करायचा आणि शनिवार-रविवारी एका बँडबरोबर गायचा. 1966 मध्ये तिथल्याच एका छोट्या स्टुडिओत त्याचं ‘व्हेन अ मॅन लव्ज अ वूमन’ मुद्रित झालं आणि थेट देशाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. वॉर्डबॉय रातोरात तारा झाला, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. रेकॉर्डच्या चकतीवर गीतकार-संगीतकार म्हणून मात्र त्याच्या बँडमधल्या कॅल्विन लुईस आणि अँड्र्यू राइट या दोघांची नावं होती. मूळची चाल आपलीच, ती आपण कामावर गुणगुणायचो, पण श्रेय त्या दोघांना देऊन टाकलं, असं स्लेज पुढे सांगत राहिला. कुणाचं किती खरं, हा वाद बाजूला ठेवू. परिणाम मात्र स्वच्छ आहे. अमेरिकेतलं रेडिओ केंद्र गाणं वाजवताना गीतकार-संगीतकाराला मानधन देतं, गायकाला देत नाही. 1991 मध्ये मायकेल बोल्टनने तेच गाणं पुन्हा गाऊन पुन्हा पहिल्या क्रमांकावर नेलं, तेव्हा गीतकारांचा हिस्सा गेला तो चकतीवर नाव असलेल्यांकडे. तिथे गायकाचा वाटा हुकला, इथे कवीचं नाव हुकलं. दिशा उलटी, पण गाण्याची खरी गोष्ट दोन्हीकडे नावांच्या त्या बारीक ओळीत दडलेली.

यावर एक आक्षेप लगेच येतो, आणि तो वजनदार आहे. लोकगीताला कुठे कवी असतो? ओव्या, भलरी, गौरीची गाणी कुणी रचली हे कोण जाणतं? गाणं लोकांचं झालं की कवी पुसला जाणं हाच त्याचा मान नव्हे का? जात्यावरच्या ओवीपुरतं हे पटतं. पण इथल्या मातीतली गायनाची दुसरी परंपरा नेमकं उलट सांगते. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की प्रतापगड. 1659 च्या तिथल्या अफझलखान वधाचा पोवाडा अज्ञानदासाचा. तालुक्यातलं उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव; सिंहगडाचा पोवाडा तुळशीदासाचा. साडेतीनशे वर्षांनंतरही ही दोन नावं आपल्याला माहीत आहेत, कारण शाहिरांनी ती कवनातच गुंफून ठेवली. मौखिक परंपरेत छापील मुखपृष्ठ नसतं. नाव टिकवायचं तर ते गाण्याच्या आतच बसवावं लागतं. तुकोबांच्या अभंगात तेच, एकनाथांच्या भारुडात तेच. कोकणातल्या शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबाच्या बारीत तर शाहीर आपल्या गुरूचं आणि घराण्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि समोरचाही ते कान देऊन ऐकतो. वामनदादाही शेवटच्या कडव्यात अनेकदा ‘वामन’ असं नाव घालत. अक्षरओळख प्रौढ वयात झालेल्या या कवीला आपलं नाव शब्दांत कोरून ठेवण्याचं मोल पुरतं ठाऊक असणार. सारांश, ‘लोकांचं गाणं’ आणि ‘नावाचं गाणं’ यांत आपल्याकडे वैर कधी नव्हतंच.

मोडतोड झाली ती यंत्रांच्या काळात. ध्वनिमुद्रिकेच्या जुन्या तव्यावर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत. तेवढ्यात बसवायचं म्हणजे कडव्यांना कात्री आली, आणि कात्री लागते ती बहुधा शेवटाकडून. पुढे कॅसेट आली. कॅसेटच्या कागदी कव्हरवर पुढे गायकाचा फोटो, देवाचं चित्र, कंपनीचं बोधचिन्ह. आत घडीवर, भिंगाखाली धरावं अशा अक्षरांत गीत-संगीत. कॅसेटची टेप गुंतून तुटली की कव्हरही केरात. आकाशवाणीने मात्र एक सभ्यता जपली होती. गाणं लावण्याआधी निवेदक गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिघांची नावं घेत. सुरेश भट, शान्ता शेळके, जगदीश खेबुडकर ही नावं मराठी घरांत पोहोचली त्यात या निवेदनाचा वाटा फार मोठा आहे. ते नाव घेणं ऐकणाऱ्याला मिळालेलं फुकटचं शिक्षण होतं. भीमगीतांच्या आणि भक्तिगीतांच्या कॅसेटना हा मान क्वचितच मिळाला. त्या थेट बाजारातून रस्त्यावर आणि मांडवात गेल्या. आता मोबाइलच्या पडद्यावर गायकाचं नाव ठळक दिसतं, गीतकार शोधायला आणखी दोन-तीन ठिकाणी बोट दाबावं लागतं. कोण दाबतो?

आता महाडचा मुद्दा. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या हजारोंसह इथल्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. ते तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेने 1924 मध्येच केला होता. कागदावरचा हक्क बजावायला लोक गेले आणि मार खाऊन परतले, मग तळ्याची ‘शुद्धी’ झाली. तळ्याच्या हक्काचा न्यायालयातला निकाल यायला 1937 उजाडलं. दर 20 मार्चला त्या तळ्याकाठी आणि क्रांतिस्तंभाजवळ गर्दी लोटते, तेव्हा ज्या परंपरेची गाणी घुमतात त्याच परंपरेतल्या लेखणीतून आणि गळ्यातून भाद्रपदातली मांडवातली गाणी आलेली आहेत. ज्यांच्या ओंजळीने पाणी बाटतं असं या शहराने कधीकाळी ठरवलं होतं, त्यांच्या शब्दांनी आणि स्वरांनी आज इथल्या गणपतीचं आगमन साजरं होतं. याच्याइतकी मोठी गोष्ट दुसऱ्या कुठल्या गाण्यामागे असेल? आणि हीच गोष्ट कुणी सांगत नाही.

सांगू नका, असं म्हणणारेही आहेत. गाण्याला जात लावू नका, कवी कोण हे कळलं नाही म्हणूनच तर गाणं सगळ्यांच्या घरात गेलं, असं ते म्हणतात. हे वाक्य जरा उलटून वाचलं पाहिजे. नाव कळलं असतं तर गेलं नसतं, अशी कबुलीच त्यात आहे. तशी भीती खरी असेल तर नाव लपवून ती जात नाही, आणि खोटी असेल तर नाव घ्यायला हरकत उरत नाही. गाणं आवडणं आणि माणसाला बरोबरीने वागवणं यांत मोठं अंतर आहे, हे अलाबामाने दाखवून दिलेलं आहे. स्लेजच्या मागे वाजवणारे बहुतेक वादक गोरे होते, गाणं गोऱ्यांच्या घरांत वाजत होतं, आणि त्या राज्याचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस वर्णभेद कायम राहील अशी ग्वाही देऊन निवडून आलेला होता. सूर भिंतीपलीकडे गेले म्हणजे भिंत पडली असं नव्हे. मी जात सांगा म्हणत नाही, नाव सांगा म्हणतो. नाव कळल्यावर ज्याला पुढचं जाणून घ्यायचं असेल तो घेईल.

या मौनाला दुसरी बाजूही आहे, आणि तिच्याविषयी फारसं बोललं जात नाही. 1956 च्या धम्मदीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये गौरी-गणपतीची उपासना करणार नाही ही प्रतिज्ञा आहे. त्यामुळे चळवळीतल्या काहींना या गायक-कवींची भक्तिगीतं अडचणीची वाटतात. पोटासाठी केलेली तडजोड म्हणून ती झाकून ठेवावीशी वाटतात. कॅसेट कंपन्यांचा बाजार भक्तिगीतांवर चालायचा आणि गाण्यावर जगणाऱ्याला तो बाजार टाळता येत नव्हता, हे खरंच. पण ‘तूच सुखकर्ता’मधली हाक दीनदुबळ्यांच्या बाजूने घातलेली आहे, भीमगीतं लिहिणाराच हात तिच्यामागे आहे हे ऐकताना जाणवतं. एका बाजूला नाव माहीत करून घ्यायची गरज वाटली नाही, दुसऱ्या बाजूला ते मिरवायचा संकोच वाटला. दोघांच्या मध्ये कवी मात्र बेपत्ता झाला.

शेवटी व्यवहाराची गोष्ट. गाणं गायकच गाजवतो, हेही कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. तेच शब्द सपाट गळ्यातून आले असते तर चार दिवसांत विरले असते. म्हणून शिंदे यांचा वाटा कमी करायचा नाही. बाकीच्यांचे वाटे मोजायचे आहेत. कायदाही आता तेच सांगतो. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला हिस्सा करारात लिहून घेऊनही कंपनीला गिळता येत नाही, आणि कर्ता म्हणून नाव लावून घेण्याचा हक्क तर 1957 च्या मूळ कायद्यातच आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं वाजवायला परवानगी लागत नाही, त्यामुळे आरतीच्या वेळी मांडवात लावलेल्या गाण्याचा एक पैसाही कवीच्या घरी जात नाही. तशी सवलत असायला माझी हरकत नाही. पण पैसे माफ असताना निदान नाव तरी घ्यावं. देणगीदारांची यादी दहा दिवस दर तासाला वाचून दाखवणाऱ्या माईकवर, पाचशे एक रुपये देणाऱ्याच्या नावाआधी, गाणं लावताना ‘गीत हरेंद्र जाधव, संगीत मधुकर पाठक, स्वर प्रल्हाद शिंदे’ एवढं म्हणायला पाच सेकंद पुरतात. महाड-पोलादपूरच्या मंडळांनी ते यंदापासूनच सुरू करावं, आणि 20 मार्चच्या मंचांवरूनही भीमगीत गाणाऱ्याने आधी कवीचं नाव घ्यावं.