विश्लेषण : सात दिवसांचे उपचार, महिनोन्महिने डोकेदुखी

नवी दिल्ली : रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेनुसार अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, कमाल दीड लाख रुपयांचे उपचार रोख रक्कम न भरता मिळतात. रक्तस्राव, अस्थिभंग, तातडीची शस्त्रक्रिया यांसाठी हा काळ निर्णायक असतो आणि त्या दृष्टीने योजना स्वागतार्ह आहे. मात्र, डोक्याला मार लागलेल्या अनेकांचे एक दुखणे याच सात दिवसांत सुरू होते आणि पुढे महिनोन्महिने थांबत नाही. त्याची दखल घेणारी व्यवस्था अद्याप उभी राहिलेली नाही.

डोकेदुखीच्या २०१८ मधील आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार, डोक्याला इजा झाल्यावर किंवा शुद्धीवर आल्यावर सात दिवसांच्या आत सुरू झालेली डोकेदुखी तीन महिन्यांहून अधिक टिकली, तर ती दीर्घकालीन आघातोत्तर डोकेदुखी ठरते. म्हणजे सरकारी मदत संपल्यानंतर जवळपास बारा आठवड्यांनी या आजाराला त्याचे नाव मिळते! कुणाला मायग्रेनसारखी ठसठस होते, उजेड आणि आवाज सोसवत नाही. कुणाचे डोके दिवसभर आवळून धरल्यासारखे राहते. जोडीला झोपमोड, चिडचिड, विस्मरण असते. मार ‘किरकोळ’ ठरलेल्यांनाही हा त्रास होतो.

अडचण सीटी स्कॅनच्या अहवालापासून सुरू होते. ही तपासणी प्रामुख्याने रक्तस्राव आणि कवटीला गेलेला तडा शोधते. मेंदूतील तंतूंना बसलेला ताण, वेदनावाहक यंत्रणेची वाढलेली संवेदनशीलता किंवा मानेच्या स्नायूंची इजा तिच्यात सहसा दिसत नाही. ‘स्कॅन नॉर्मल’ याचा अर्थ तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज नाही, इतकाच. कुटुंब, मालक आणि विमा कंपनी मात्र त्याचा अर्थ ‘काहीच झालेले नाही’ असा लावतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला, तर ४ लाख ४३ हजार ३६६ जण जखमी झाले. मृतांत दुचाकीस्वारांचा वाटा सुमारे ४४ टक्के होता. चर्चा होते ती मृतांच्या आकड्याची. जखमींपैकी किती जण तीन महिन्यांनंतरही डोके धरून बसतात, हे या अहवालातून कळत नाही.

कायद्याची दारे पूर्ण बंद आहेत, असे नाही. वैद्यकीय प्रमाणपत्रावरील अपंगत्वाची टक्केवारी म्हणजेच कमाईतील घट नव्हे, इजेचा त्या व्यक्तीच्या कामावर काय परिणाम झाला हे न्यायाधिकरणाने पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केले आहे. ट्रकचालकाला किंवा वेल्डरला उजेडच सहन होत नसेल, तर हे तत्त्व त्याच्या बाजूचे आहे. पण त्याच्या हाती पुरावा कोणता? दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत या दुखण्याचा समावेश नाही. शुद्ध हरपली होती का, अपघात आठवतो का, डोके कधीपासून दुखते, याच्या नोंदी पहिल्या दिवसाच्या केसपेपरवर नसतील, तर दाव्याच्या सुनावणीत उरतो तो केवळ रुग्णाचा शब्द. क्रिकेटने २०१९ पासून डोक्याला मार लागलेल्या खेळाडूऐवजी बदली खेळाडू देण्याची सोय केली. रोजंदारीवरच्या कामगाराला तशी मुभा कोण देणार?

मग तो औषधाच्या दुकानात जातो. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्यास त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते. या विकारासाठी खास असे औषध नाही. लक्षणे मायग्रेनची असतील तर मायग्रेनचे, मानेची असतील तर भौतिकोपचाराचे, अशी दिशा डॉक्टर ठरवतात. दीर्घकाळ अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा सल्लाही आता मागे पडला असून, एक-दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर हळूहळू हालचाल वाढवण्यावर भर दिला जातो. डोकेदुखी वाढत जाणे, वारंवार उलट्या, गुंगी किंवा हातापायांत अशक्तपणा ही लक्षणे मात्र वेगळी. वृद्धांत मेंदूच्या आवरणाखालील रक्तस्राव काही आठवड्यांनीही उघड होतो. अशा वेळी त्वरित रुग्णालय गाठावे लागते.

यावर मोठ्या खर्चाची गरज नाही. डिस्चार्ज कार्डावर डोकेदुखीची नोंद आणि तीन महिन्यांनी एक फेरतपासणी, एवढ्याने उपचार आणि दावा या दोहोंचा पाया तयार होईल. सात दिवसांची मर्यादा असलेल्या सध्याच्या योजनेत ही फेरतपासणी बसत नाही.